क्रिप्टिक क्रॉसवर्ड: सोडवायचं कसं आणि सोडवून झाल्यावर तपासायचं कसं

पेपरातलं साधं शब्दकोडं आणि क्रिप्टिक क्रॉसवर्ड, दोन्ही दिसायला सारखीच. तीच काळी-पांढरी चौकट, तेच आडवे-उभे शब्द. म्हणून लोक क्रिप्टिकचा क्लूसुद्धा साध्या कोड्यासारखाच वाचतात, म्हणजे वाक्याचा अर्थ काय आणि त्याला समानार्थी शब्द कोणता एवढंच बघतात, आणि पाच मिनिटांत पेपर बाजूला ठेवून मोकळे होतात की हे आपल्याला जमणारं नाही, आपलं इंग्रजी तेवढं नाही. पण अडतं ते इंग्रजीमुळे नाही हो! मराठी माध्यमात शिकलेली कितीतरी माणसं रोज ‘द हिंदू’ या इंग्रजी पेपरातलं क्रॉसवर्ड आरामात सोडवतात. क्लू वाचायची पद्धत वेगळी आहे, ती कोणीतरी एकदा बसून सांगायला लागते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक विनंती. इथले क्लू मी देवनागरीत लिहिलेत, सगळे मी स्वतः तयार केलेले आहेत. वाचताना हाताशी कागद ठेवा आणि प्रत्येक क्लू इंग्रजी स्पेलिंगमध्ये उतरवून घ्या, कारण हा सगळा खेळ उच्चारांचा नाही, अक्षरांचा आहे (एक प्रकार सोडून, तो पुढे येईल).

आधी क्लूची रचना

जवळपास प्रत्येक क्रिप्टिक क्लूचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे डेफिनिशन, उत्तराचा सरळ अर्थ. दुसरा भाग म्हणजे वर्डप्ले, तेच उत्तर अक्षरं जोडून-तोडून बनवायची कृती. डेफिनिशन नेहमी क्लूच्या सुरुवातीला किंवा शेवटाला असते, मधे कधीच नाही. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अर्धा क्लू हातात येतो. कंसातला आकडा म्हणजे उत्तरातली अक्षरं, (6) म्हणजे सहा अक्षरी एक शब्द, (3,4) म्हणजे दोन शब्द.

क्लू वाचल्यावर जे चित्र डोळ्यासमोर उभं राहतं त्याला सरफेस म्हणतात, आणि ते चित्र तुम्हाला फसवण्यासाठीच असतं. हे बघा:

ॲट होम, लाउड वर्कर इज अ बेबी (6)

घरात आरडाओरडा करणारं बाळ दिसलं ना? ते विसरा. शेवटून बघू, ‘अ बेबी’ ही डेफिनिशन धरली तर बाळाला सहा अक्षरी शब्द हवा. आता उरलेलं तुकड्या-तुकड्याने घ्यायचं. ‘ॲट होम’ म्हणजे घरी आहे, म्हणजे इन: आय, एन. ‘लाउड’ म्हणजे एफ, कारण पाश्चात्त्य संगीतात मोठ्याने वाजवायच्या जागी फोर्टे म्हणून एफ लिहितात. ‘वर्कर’ म्हणजे कामकरी मुंगी, अँट: ए, एन, टी. जोडा सगळं, आय-एन-एफ-ए-एन-टी, इन्फंट. ‘इज’ हा फक्त दोन भागांना जोडणारा शब्द. सगळे शब्द वापरले गेले, एकही उरला नाही. नीट सुटलेला क्लू असा असतो, उत्तर दोन बाजूंनी सिद्ध होतं, त्यामुळे बरोबर आहे की नाही हे उद्याच्या पेपरची वाट न बघता तुम्हालाच कळतं. साध्या कोड्यात ही सोय नाही, आणि मला क्रिप्टिक जास्त आवडायचं कारण हेच.

वर्डप्लेचे प्रकार

प्रकार मोजकेच आहेत, आठ-दहा ओळखता आले की बहुतेक रोजचं कोडं त्यात बसतं.

सगळ्यात आधी ॲनाग्राम, कारण तो ओळखायला सोपा आणि जवळपास प्रत्येक कोड्यात चार-पाच तरी असतातच. अक्षरं क्लूमध्येच दिलेली असतात, ती फक्त विस्कटायची, आणि विस्कटा हे सांगणारा एक शब्द शेजारी असतो. ‘लिसन केअरलेसली, मेकिंग नो नॉइज (6)’, इथे ‘केअरलेसली’ हा तो शब्द, लिसनची सहा अक्षरं हलवली की सायलेंट. असा इशारा देणारा शब्द म्हणजे इंडिकेटर. तो ओळखायचा कसा, तर गडबड, मोडतोड, नशा, वेड, दुरुस्ती, नाच, स्वयंपाक यातलं काहीही सुचवणारा शब्द दिसला की संशय घ्यायचा: ब्रोकन, ड्रंक, वाइल्ड, कुक्ड, फिक्स्ड, मेसी, डान्सिंग, आणि हो, डॉक्टरसुद्धा, कारण इंग्रजीत डॉक्टर करणं म्हणजे फेरफार करणं. मग शेजारच्या शब्दांची अक्षरं मोजायची आणि कंसातल्या आकड्याशी जुळतात का बघायचं. ‘अमेरिकन पॉलिटिशियन, मेसी ट्रीझन (7)’, ट्रीझनची अक्षरं सात, आकडा सात, झालं, सेनेटर. अक्षरं सरळ ओळीत न लिहिता गोलात लिहा, म्हणजे मूळ शब्द डोळ्यासमोरून जातो आणि नवीन शब्द लवकर दिसतो.

लपलेला शब्द हा त्याहून सोपा, पण दिसत नाही तोवर अजिबात दिसत नाही. ‘गॅस फाउंड इन पुणे वन्स (4)’. पुण्यात पूर्वी गॅस सापडला वगैरे काही नाही. पुणे आणि वन्स हे दोन शब्द इंग्रजीत सलग लिहा, पी-यू-एन-ई-ओ-एन-सी-ई, आणि मधे बघा, एन-ई-ओ-एन, निऑन, गॅस. ‘फाउंड इन’, ‘सम’, ‘पार्ट ऑफ’, ‘इनसाइड’ असले शब्द दिसले की आधी हे तपासायचं, दहा सेकंदांचं काम आहे.

तुकडे जोडायचा प्रकार (वरचा इन्फंट) याला शराड म्हणतात. ‘फ्लोअर कव्हरिंग फॉर व्हेइकल अँड डॉग, परहॅप्स (6)’, कार अधिक पेट, कार्पेट. यातल्या ‘परहॅप्स’कडे लक्ष द्या. कुत्रा म्हणजे पेट नव्हे, कुत्रा हे पेटचं एक उदाहरण आहे, आणि उदाहरण देतोय हे सेटरने (म्हणजे कोडं बनवणाऱ्याने) प्रामाणिकपणे सांगायचं असतं, त्यासाठी परहॅप्स, से, मेबी किंवा प्रश्नचिन्ह येतं.

एकात एक घालायचा प्रकार म्हणजे कंटेनर. ‘बिअर ऑन बोर्ड फॉर शॉप्स बिग इव्हेंट्स (5)’. जहाजाला एस-एस लिहायची पद्धत आहे, स्टीमशिपवरून आलेली, म्हणून ‘ऑन बोर्ड’ म्हणजे दोन एसच्या मधे. बिअर म्हणजे एल, ए-एल-ई. सेल्स. ‘ऑन बोर्ड’ हा शब्दप्रयोग इतक्या वेळा येतो की पाठच करून टाका.

अक्षर गाळणं: ‘हेडलेस घोस्ट विल एंटरटेन गेस्ट्स (4)’, घोस्टचं डोकं म्हणजे जी काढा, होस्ट उरतो. शेपूट कापा, मधलं काढा, टोकं काढा, असेही आदेश येतात. उलटवणं: मागे जा, परत पाठवा, आणि उभ्या शब्दात वर चढा. इनिशियली, प्रायमरिली, लीडर्स ऑफ असं असेल तर पहिली अक्षरं घ्यायची.

दोन अर्थांचा क्लू, डबल डेफिनिशन, यात वर्डप्ले नसतोच. ‘जस्ट लाइट-कलर्ड (4)’, जस्ट म्हणजे न्याय्य तोही फेअर, गोरा तोही फेअर. क्लू दोन-तीन शब्दांचा असेल तर पहिला संशय याचाच.

मग उच्चारावर चालणारा होमोफोन, ‘वी हिअर’, ‘रिपोर्टेडली’, ‘ऑन द रेडिओ’ असं म्हणतो तो. इथे आपल्याला एक खरी अडचण आहे. हे कोडं ब्रिटिश उच्चारांवर वाढलंय, आणि त्या उच्चारात शब्दातला र बऱ्याचदा गिळलेला असतो, त्यामुळे त्यांना सॉस आणि सोर्स एकच ऐकू येतं, झेल पकडला तो कॉट आणि न्यायालय ते कोर्ट एकच. आपल्या कानाला हे पटतच नाही, आणि पटायची गरजही नाही, फक्त होमोफोनच्या क्लूमध्ये अडलात तर र काढून बघा, बऱ्याचदा सुटतो.

आणि शेवटचा, क्रिप्टिक डेफिनिशन, अख्खा क्लू म्हणजे एक वाकडी व्याख्या. ‘फ्लॉवर फ्रॉम नाशिक (8)’. नाशिकची द्राक्षं माहीत आहेत, फूल कुठलं? फ्लो होणारा तो फ्लो-अर, वाहणारी. गोदावरी, इंग्रजीत बरोबर आठ अक्षरं. नदीसाठी फ्लॉवर ही युक्ती फार जुनी आहे, तसाच काठ असलेला बँकर म्हणजे नदी, आणि बधिर करणारा नंबर म्हणजे भुलीचं औषध.

छोट्या तुकड्यांचा शब्दसंग्रह

हे पाठांतर थोडं करावंच लागतं, आणि ते वहीत लिहून ठेवलं तर महिन्याभरात अंगवळणी पडतं. खलाशी म्हणजे ए-बी किंवा टार किंवा जॅक. डॉक्टर म्हणजे डी-आर, एम-ओ, जी-पी. कामगार म्हणजे अँट, बी किंवा हँड. फ्रेंचमधला ‘द’ म्हणजे ल, ला. शांत म्हणजे पी, पियानोवरून. फॅशनेबल म्हणजे इन. जुनं शहर म्हणजे उर. सेटर स्वतःबद्दल बोलत असेल तर आय किंवा मी (एम-ई). राणी म्हणजे ई-आर, एलिझाबेथ रेजिना. ती 2022 मध्ये गेली तरी जुन्या कोड्यांत ती जागोजागी भेटेल.

क्रिकेटमध्ये तर आपण घरचे. मेडन म्हणजे एम, ओव्हर म्हणजे ओ, विकेट डब्ल्यू, कॉट सी, बोल्ड बी, रन आर, डक म्हणजे शून्य म्हणून ओ, लेग म्हणजे ऑन, टीम किंवा साइड म्हणजे इलेव्हन, रोमन आकड्यातला एक्स-आय. टेनिसमधलं लव्ह म्हणजेही शून्य, ओ. स्कोअरबोर्ड वाचता येणाऱ्या माणसाला यातलं निम्मं फुकट मिळतं.

प्रत्यक्ष बसल्यावर काय करायचं

पेन्सिल घ्या. नेहमीची चौकट 15 बाय 15, अठ्ठावीस-तीस क्लू. एक आडवा पासून क्रमाने सुरू करायची सवय सोडा. आधी सगळे क्लू एकदा भरभर वाचा, डोकं न लावता, आणि समोर आलेला प्रकार ओळखून खूण करा: हा ॲनाग्राम वाटतो, हा लपलेला, हा दोन शब्दांचा म्हणजे डबल. लांब ॲनाग्राम सापडला तर तो आधी, कारण दहा-बारा अक्षरी एक शब्द भरला की पाच-सहा उभ्या शब्दांना एकेक अक्षर मिळतं. त्यातही ज्याची अक्षरं दुसऱ्या शब्दांच्या पहिल्या घरात पडतात तो शब्द सोन्याचा, विशेषतः सगळ्यात वरची ओळ आणि डावीकडचा पहिला उभा, कारण शब्द शोधताना शेवटच्या अक्षरापेक्षा पहिलं अक्षर कितीतरी जास्त मदत करतं.

मग जिथे अक्षरं मिळालीत तिथेच आजूबाजूला काम करा, चौकटीभर उड्या मारू नका. क्लू अनेकवचनी असेल तर शेवटी एस असण्याची शक्यता, भूतकाळ असेल तर ई-डी, पण हे हलक्या हाताने लिहा, अंदाज आहे तो.

अडल्यावर? क्लूमधला प्रत्येक शब्द वेगळा काढा आणि त्याचं व्याकरण बदलून बघा. नाम वाटतंय ते क्रियापद असेल का? स्वल्पविराम खोटा असेल का? जवळपास नेहमीच खोटा असतो, विरामचिन्हांवर विश्वास ठेवायचाच नाही, प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह सोडून, ती दोन चिन्हं मात्र सांगतात की इथे काहीतरी वाकडं आहे. मोठी अक्षरंही तशीच, वाक्याच्या सुरुवातीचं कॅपिटल हे विशेषनाम लपवायची उत्तम जागा. डेफिनिशन एका टोकाला नसेल तर दुसऱ्या टोकाला बघा. आणि तरीही नाही झालं तर कोडं ठेवून द्या, जेवा, संध्याकाळी परत घ्या. दुपारी अर्धा तास टक लावून न दिसलेला शब्द रात्री पहिल्या नजरेत दिसतो, हा अनुभव सोडवणाऱ्या कोणालाही विचारा.

वेळ लावून सोडवायची घाई सुरुवातीला करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 1942 च्या जानेवारीत लंडनच्या डेली टेलिग्राफने 12 मिनिटांत कोडं सोडवायची स्पर्धा घेतली होती आणि त्यातून काही जणांना ब्लेचली पार्क या युद्धकाळातल्या गुप्त ब्रिटिश केंद्रात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायच्या कामासाठी बोलावणं आलं, हे खरं आहे, पण ती आधीपासून मुरलेली माणसं होती. तुम्ही दोन दिवस एकाच कोड्यावर घालवा, हरकत नाही.

कोणतं कोडं घ्यावं? हिंदूमध्ये सोमवार ते शनिवार भारतीय सेटर्सची कोडी येतात, टोपणनावांनी, आणि प्रत्येक सेटरची धाटणी वेगळी असते, ती ओळखायला लागलात की मजा वाढते. त्यात भारतीय संदर्भ येतात, इडली, साडी, राज्यांची नावं, म्हणून आपल्याला ब्रिटिश कोड्यांपेक्षा ते जवळचं वाटतं. ब्रिटनच्या गार्डियन या पेपरची कोडी ऑनलाइन मिळतात, सोमवारचं आठवड्यातलं सोपं समजलं जातं, आणि नवशिक्यांसाठी त्यांचं क्विप्टिक आहे. लंडनच्या टाइम्सने 2014 पासून 13 बाय 13 चं क्विक क्रिप्टिक सुरू केलंय. डिक्शनरी घ्यायची तर चेंबर्स, या खेळात शेवटचा शब्द तिचाच मानतात.

आता खरं काम, तपासणी

चौकट भरली म्हणजे कोडं झालं असं लोक समजतात, माझ्या मते तिथे अर्धंच झालेलं असतं. क्रॉसिंगच्या (आडवा आणि उभा शब्द जिथे छेदतात तिथल्या) अक्षरांवरून आणि डेफिनिशनवरून शब्द सुचतो, भरला जातो, पण तो तसा का आला हे कळलेलं नसतं, आणि मग पुढच्या आठवड्यात तीच युक्ती आली की परत अडायला होतं. पेपर दुसऱ्या दिवशी नुसती उत्तरं छापतो, कारणं नाही. ती तुम्हालाच लिहायची आहेत. या कारणमीमांसेला आपल्याकडचे सोडवणारे ॲनो म्हणतात, ॲनोटेशनचं लघुरूप.

पद्धत अशी. भरताना ज्याचा ॲनो कळलेला नाही त्या क्लूसमोर तिथल्या तिथे प्रश्नचिन्ह करायचं. शेवटी वही घेऊन प्रत्येक क्लूची डेफिनिशन अधोरेखित करायची आणि खाली तुकडे लिहायचे: ॲनाग्रामला अक्षरांपुढे चांदणी, आत घातलेला भाग कंसात, उलटवलेल्याला बाण, गाळलेल्या अक्षरावर काट. सेल्स असं लिहाल: एस, मग कंसात ए-एल-ई, मग एस. एका क्लूला अर्धं मिनिट लागतं, प्रश्नचिन्हवाल्यांना जास्त, आणि खरं शिक्षण त्या प्रश्नचिन्हवाल्यांतच होतं.

लिहून झालं की क्लूला प्रश्न विचारायचे. पहिला, एखादा शब्द बिनकामाचा उरला का? निऑनच्या क्लूमध्ये पुणे वन्सच्या ऐवजी ‘ग्रेट पुणे वन्स’ लिहिलं असतं तर सरफेस कदाचित जास्त छान झाला असता, पण ग्रेट काहीच काम करत नाही, तो दोषच.

दुसरा, डेफिनिशनच्या जागी उत्तर ठेवून वाक्य बनतं का? ‘एंटरटेन गेस्ट्स’ हे क्रियापद, होस्टही क्रियापद म्हणून चालतो, ठीक. तिथे ‘एंटरटेनिंग गेस्ट्स’ असतं तर होस्टिंग लागलं असतं. व्याकरणाची ही चूक नव्या सेटर्सकडून सगळ्यात जास्त होते.

तिसरा, क्लूला एकच उत्तर निघतं का? ‘रॉयल सेंट बॅक बिअर (5)’. रीगल उलटं केलं की लागर, लागर उलटं केलं की रीगल. परत पाठवलंय कोणाला, रॉयलला की बिअरला? ‘सेंट बॅक’ मधे उभं असल्यामुळे दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात आणि सोडवणाऱ्याला क्रॉसिंगवर अवलंबून राहावं लागतं. शब्द हलवून ‘रॉयल बिअर सेंट बॅक’ केलं की फक्त रीगल उरतं. एवढ्याशा बदलाने क्लू सुधारतो, आणि हे ज्याला दिसायला लागलं तो सोडवायलाही तयार झाला.

चौथा, अक्षरं खरोखर दिलेली आहेत का? सेनेटरच्या क्लूमध्ये ट्रीझनऐवजी बिट्रेयल लिहिलं तर आधी बिट्रेयलवरून ट्रीझन ओळखा आणि मग ते विस्कटा असं दुहेरी ओझं पडतं. याला अप्रत्यक्ष ॲनाग्राम म्हणतात आणि तो नियमाबाहेरचा मानला जातो.

हे नियम आले कुठून, तर 1920 च्या दशकात ब्रिटनमध्ये टॉर्केमाडा या टोपणनावाने एडवर्ड पॉइस मॅथर्स ऑब्झर्व्हर या पेपरात भयंकर अवघड कोडी घालायचे, तेव्हा नियम असे फारसे नव्हतेच. 1939 मध्ये ते वारले, त्यांच्या जागी डेरिक मॅकनट आले, टोपणनाव झिमेनीझ, आणि त्यांनी 1966 मध्ये पुस्तक लिहून न्याय्य क्लूचे नियम नीट मांडले. त्यांच्यानंतर आलेल्या ॲझेडने त्याचं सार तीन गोष्टींत सांगितलं: नेमकी डेफिनिशन, न्याय्य वर्डप्ले, आणि तिसरं काहीही नाही. त्याआधी आफ्रीट नावाच्या सेटरने म्हटलं होतं की मी जे म्हणतो तोच माझा अर्थ असेल असं नाही, पण माझा जो अर्थ आहे तो मी म्हटलेला असलाच पाहिजे. सेटर फसवू शकतो, खोटं बोलू शकत नाही.

सगळे हे तंतोतंत पाळत नाहीत. गार्डियनचे अराउकारिया, म्हणजे जॉन ग्रॅहम, पेशाने धर्मोपदेशक, नियमांना बऱ्याचदा वाकवायचे आणि तरी लोकांचे अत्यंत लाडके होते, 2013 मध्ये स्वतःला कॅन्सर झाल्याचं त्यांनी वाचकांना कोड्यातूनच सांगितलं. म्हणून परीक्षण करताना नुसतं नियमपुस्तक हातात धरून गुण कापत बसू नका. नियम मोडला तर त्या बदल्यात काय दिलं हे बघा. छान सरफेस, अनपेक्षित वळण, हसू आलं, तर माझं मत सेटरच्या बाजूने. काहीच न देता नुसती ढिलाई असेल तर तसं स्पष्ट लिहा.

दुसऱ्यांसाठी परीक्षण लिहिणार असाल तर सोपं होतं-अवघड होतं एवढ्यावर थांबू नका, कारण ते तुमच्याबद्दल सांगतं, कोड्याबद्दल नाही. आवडलेले दोन-तीन क्लू निवडा आणि नेमकं काय आवडलं ते लिहा, न पटलेला एखादा घ्या आणि तो कसा दुरुस्त होईल ते सुचवा, वर रॉयल बिअरचं केलं तसं. आणि ज्याचा ॲनो कळला नाही तो लपवू नका, उघड विचारा, कोणीतरी सांगतंच.

मराठीत जमेल का

मराठी पेपरांतली शब्दकोडी बहुतेक सरळ अर्थाची असतात. आपल्या घरात एक पूर्ण अक्षर बसतं, काना-मात्रेसकट, त्यामुळे ॲनाग्रामला वाव कमी, पण बाकीचे प्रकार सुंदर जमतात. ‘हात सरकारला भरावा लागतो (2)’, कर. ‘आईचा रथ, आत किती? (2)’, ‘आईचा’मधला चा आणि ‘रथ’मधला र, चार. क्रिप्टिक डोक्यात बसवायचा सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे स्वतः क्लू बनवणं, आणि तो मराठीत करायला काहीच हरकत नाही. दोन अक्षरी शब्दापासून सुरुवात करा, क्लू लिहा, वरचे चार प्रश्न स्वतःच्याच क्लूला विचारा, आणि मग उत्तर न सांगता घरात कोणालातरी द्या.